ढब्बूच्या तोंडात हात

पाऊस कोसळत होता, सहलीतल्या तिन्ही कॅराव्हॅन गाड्या एकसारख्या पांढऱ्या, आणि घाईघाईत ती शिरली ती नेमकी दुसऱ्याच्याच गाडीत. समोर पलंगावर वासराएवढा कुत्रा! ती दारातच थांबली.

“तो काही पलंग सोडायचा नाही,” मागून आवाज आला. “तुम्ही खुर्ची घ्या.”

तिने वळून पाहिलं… भिजलेले केस, चष्म्यावर थेंब आणि ओठांत दाबलेलं हसू. झालं! तिथेच सगळा घोळ झाला.

खरं तर फसवलं होतं आत्याने. “माझ्या म्हाताऱ्या बोळक्या कुत्रीला एकही दात उरला नाही, चल गं सोबत,” म्हणाली, आणि लहानपणापासून कुत्र्यांच्या दातांना भिणारी तिची भाची – स्वतः दातांची डॉक्टर! – सहलीला तयार झाली. सोबत आणखी गाड्या आहेत, त्यांत आणखी कुत्री आहेत, हे आत्याने पोटातच ठेवलं.

चष्म्याचा नंबर काढून देणं हा त्या गाडीच्या मालकाचा धंदा. दुपारी रस्त्याकडेला गाड्या थांबल्या की तो चहाचे कप घेऊन यायचा, पाठोपाठ त्याचा तो कुत्रा, ढब्बू.

“डॉक्टर, दाढ दुखतेय.”

“आ करा.”

“इतक्या जवळून बघणार? मग… उद्या दुखेल. आज धीर नाही.”

ती हसायची, पण नजर ढब्बूच्या जबड्यावरच असायची. एकदा तो सहज बोलून गेला होता, “ज्याला ढब्बू नको, त्याला मीही नको.” आता कोणत्या तोंडाने सांगणार? ती ढब्बूकडे बघून गोड हसायची आणि हात स्वेटरच्या बाह्यांत लपवायची. आपलं बिंग फुटलं की हा माणूस हातचा जाणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

शेवटच्या थांब्यावर सगळे पुढच्या फाट्याबद्दल बोलत होते. तिथून तो डावीकडे, आत्याची गाडी उजवीकडे. तेवढ्यात ढब्बू घोगरं ओरडला. तोंडातून फेस, पंजांनी जबडा ओरबाडतोय. चघळता चघळता काडी टाळूवर आडवी अडकली होती, दोन्हीकडच्या दाढांत घट्ट. त्याने बोटं घातली तर ढब्बूने तडक जबडा मिटला. बोटांतून रक्त आलं.

जनावरांचा दवाखाना घाटाखाली होता, आणि ढब्बूचा श्वास आत्ताच घुसमटत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं.

“चमचा द्या,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “आणि जबडा धरा. सोडलात तर…”

ते पिवळे सुळे, तो गरम श्वास तिच्या बोटांवर! काडी मागे सरकली असती तर थेट घशात. तिने चमच्याचा दांडा टाळू आणि काडी यांच्यामध्ये सरकवला, श्वास रोखला आणि खाली दाबला. कट्! काडी बाहेर आली. ढब्बूने तिचा सगळा हात चाटला आणि तिने तो झटकन मागे ओढला.

“तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटते,” तो हळूच म्हणाला.

तिचा चेहरा पडला. “कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. दिवसभर लोकांचे डोळेच बघतो मी. म्हणून तर ढब्बूचा पट्टा कायम पलीकडच्या हातात धरत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढा आटापिटा करून लपवत होता… वाटलं, कळलंय म्हणालो तर निघून जाल. मी पण भ्यायलोच होतो.” त्याने चष्मा काढून उगाचच पुसला. “आता गेली का भीती?”

“नाही.” तिला रडू आलं. “पाय अजून लटपटतायत. उद्याही लटपटतील. पण मला उजवीकडे जायचं नाहीये… तुमच्या गाडीत जागा आहे?”

तो बघतच राहिला. आत्याला मात्र सगळं ऐकू आलं होतं. “बघत काय बसलायस, बॅग घे तिची,” ती म्हणाली.

त्याच्या गाडीत ढब्बू सीटमागेच धापा टाकत बसला होता, जबडा उघडा, सगळे दात दिसत होते. ती अंग चोरून बसली.

“घाबरलीस?” त्याने विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत.

“खूप,” ती म्हणाली आणि दार आतून ओढून घेतलं.