धरणाच्या पायथ्याची तार

ज्या दिवशी माणसाने वाहत्या पाण्यासमोर मातीचा ढीग घातला आणि त्याला थांब म्हटलं, त्या दिवशी संस्कृती जन्माला आली. या गोष्टीतलं धरण मात्र जवळजवळ वर्षभर कुणालाच थांब म्हणत नसे, कारण समोर पाणीच नसे. पूर आला तर अडवायचा, एवढ्यासाठी बांधलेलं ते मातीचं बुटकं धरण. पूर नसेल तेव्हा त्याच्या पोटात शेळ्या चरत आणि माथ्यावर रक्तदाबवाली मंडळी डॉक्टरच्या धाकाने फेऱ्या मारत.

पावसाळ्याआधी त्याची तब्येत पाहायला निरीक्षक येई. घुशींची बिळं, उतारावरची झुडपं, माथ्यावरच्या भेगा, पायथ्याची ओल, सगळं तो बघायचा. पायथ्याशी जरा जास्तच बघायचा. धरणाखालचं पहिलं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं. धरण फुटलंच असतं, तर पाणी गावाची विचारपूस करण्याआधी ताईच्या स्वयंपाकघरात शिरलं असतं. शिवाय दुपारचं जेवणही तिथेच असे.

यंदा वाढता वाढता ताईने कपड्यांची दोरी सैल झाल्याची तक्रार केली. दोरीचं एक टोक मागच्या दाराच्या खुंटीला आणि दुसरं धरणाच्या पायथ्याशी पुरलेल्या सरकारी दगडाला. धरण सरकलं तर कळावं म्हणून तो दगड होता. त्याला दोरी बांधणं गुन्हा आहे, असं निरीक्षकाने तिला दर वर्षी बजावलं होतं आणि दर वर्षी गाठ स्वतःच आवळून दिली होती. तशी यंदाही दिली. उरलेला तुकडा कापून दाराजवळच्या खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर चादरी मातीला टेकलेल्या. लहानपणी तुझ्या चड्डीची नाडी मीच बांधत होते ते उगाच नाही, असं ताईने ऐकवलं. तो बाजारात गेला आणि लोखंडी तार घेऊन आला. पक्कडीने पीळ देऊन ती अशी ताणली की बोटाने छेडल्यावर वाजली.

जेवून हात धुवायला बाहेर आला, तेव्हा तार लोंबत होती.

दगड पुढे आला असेल, तर धरण घसरतंय. मोजणीची दुर्बीण लावून त्याने जुन्या पुलावरच्या खुणेशी दगड ताडून पाहिला. दगड जागचा हलला नव्हता. धरणाला तडा नव्हता, फुगवटा नव्हता, पाझर नव्हता. मग घर सरकलं म्हणावं, तर भिंतीला केसाएवढी चीर नव्हती आणि रस्त्यापासूनचं अंतर होतं तेवढंच होतं. धरण जागेवर, घर जागेवर. शेवटी त्याने मधल्या अंगणाला टेप लावला. अंगण कमी भरलं. टेपवर खापर फोडून त्याने दुसरा आणला. तेवढ्या वेळात ते आणखी कमी झालं होतं.

ताईचे भाजीचे वाफे सगळे शाबूत होते. फक्त दोन वाफ्यांमधून जायला त्याला आता अंग चोरावं लागत होतं.

त्याने साहेबांना फोन लावला.

“तडा गेलाय?”

“नाही साहेब.”

“पाझर?”

“तोही नाही.”

“मग झालंय तरी काय?”

“ते जवळ आलंय.”

“कुणाच्या?”

“आमच्या ताईच्या घराच्या.”

साहेबांनी विचार केला. धरण नकाशात आहे तिथेच असेल, तर घर पुढे आलं असणार, असा त्यांनी निवाडा दिला आणि अतिक्रमणाची नोटीस काढायचं आश्वासन दिलं. मोठ्या पावसाचा अंदाज आहे, वरून विचारणा होतेय, तेव्हा धरण सुरक्षित असल्याचं आजच कळवा, असंही म्हणाले. खोटं कळवावं लागलं असतं तर निरीक्षकाने नकार तरी दिला असता. पण इतकं धडधाकट धरण त्याने आख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्याने कळवून टाकलं.

पुढे भर दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात दिवा लागू लागला. ती खूश होती. यंदा पंखा लावावा लागत नाही म्हणाली. निरीक्षक टेम्पो घेऊन आला, तर टेम्पोवाल्याला चहा पाजून तिने परत धाडलं.

“ताई, ऐक माझं. पाऊस होईपर्यंत माझ्याकडे चल.”

“का रे? फुटणार आहे ते?”

“नाही.”

“तूच सही केलीस ना, सुरक्षित आहे म्हणून?”

“केली.”

“मग? तुझ्या सहीवर मी सुद्धा भरवसा ठेवायचा नाही, तर कुणी ठेवायचा?”

त्याने काहीतरी करायचं म्हणून तार ताणायला घेतली.

या वेळी पीळ देऊन झाल्यावरही त्याने ती मुठीत धरून ठेवली. बघू तर खरं, सैल पडते कशी.

मुठीत तार हळूच ढिली पडली. सुटली नाही, तुटली नाही. पलीकडून कुणी हात पुढे करावा, तशी.

आभाळ भरून आलं त्या दिवशी मागचं दार निम्मंच उघडलं. पुढे गवताला अडलं.

खिडकीत आभाळ नव्हतं. काचेला टेकून नुसता हिरवा उतार.

खिळ्यावर दर वेळी कापलेल्या तारेचं वेटोळं एवढं जड झालं होतं की खिळा वाकला होता. बाहेर, खुंटी आणि दगड यांच्यामध्ये, एक वीत तार उरली होती.

वरच्या अंगाला ढग गडगडले. माथ्यावरची मंडळी फिरणं आवरून घराकडे निघाली असावीत. त्यांच्या चपला स्वयंपाकघराच्या छपरावर वाजल्या.

ताईने वर पाहिलं नाही. धुणं पिळून ती दाराशी आली. हातात एकच रुमाल होता.

“धाकट्या, जाताना तेवढी तार ओढून दे रे,” ती म्हणाली. “एवढा तरी वाळू दे.”