बाबूलाल ड्रायव्हरची पायी गाडी

मिरची भजं पहिल्या घासाला जीभ भाजतं आणि दुसऱ्या घासाला सगळं माफ करून घेतं. कोहिनूर गावच्या बसथांब्यावर मी दुसऱ्या घासापर्यंत पोचले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सिस्टर, आमच्या अप्पाचं तळलेलं तुम्हीच बंद केलाव न्हवं?"

मी वळले. उंच, सावळा तरुण... खांद्यावर विजेच्या तारेचं भेंडोळं आणि डोळ्यांत नको तितकं हसू. गावच्या आरोग्य उपकेंद्रात रुजू होऊन मला दोनच महिने झाले होते आणि तेवढ्यात तेला-तुपाविरुद्ध अख्ख्या गावाला भाषण देऊन झालं होतं. आता हे भजं लपवायचं कुठं? मी उरलेलं अख्खं गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"पाणी देऊ?"

"नको. तुम्ही कोण?"

"रत्नपाल. लाइनमन हाय. बाबूलाल डायवरचा पोरगा. तुम्ही अप्पाला रोज चालायला लावलाव ना, तेवढं बंद करा. म्हैन्यात तीन किलो वाढलेत."

चालून वजन वाढलेला माणूस माझ्या पुस्तकात कुठंच नव्हता.

बाबूलाल अप्पांनी बसवकल्याणची बस तीस वर्षं चालवली आणि मग निवृत्त झाले. पावसाळ्यात कलबुर्गीला त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता. दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की फेब्रुवारीपर्यंत वजन, साखर, बीपी खाली आलं नाही तर पुन्हा कलबुर्गी, आणि या खेपेला कदाचित बायपास. म्हणून मीच लिहून दिलं होतं: मीठ-साखर कमी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, तळलेलं आणि तंबाखू बंद, रोज अर्धा तास चालणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच बघायला गेले. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अंतर अर्धा किलोमीटर. अप्पांना लागला दीड तास, कारण वाटेत सात घरं होती आणि सातही घरांत चहा होता. बंडेप्पांकडं वर शेंगापोळी, कमलबाईंकडं बशीभर चिवडा. या माणसानं तीस वर्षं ज्याच्या त्याच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबवली होती. आता गाव त्याला थांबवत होतं.

"न्हाई म्हणलं की माणूस दुखतंय की, बाई," अप्पा ओठ पुसत म्हणाले.

मी त्यांना उपवास आहे असं सांगायला लावलं. तर दुसऱ्या दिवशी सातही घरांत साबुदाणा भिजला. रत्नपाल माझ्याकडं बघून हसला आणि मला रागही धड आला नाही.

शेवटी मला आमच्या गावची, ठाणाकुशनूरची रीत आठवली. "अप्पा, पावण्याला वाटं लावायला चार पावलं जायची रीत तुमच्यात हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग च्या नको, वाटं लावायला चला म्हणा. आणि तुम्ही थांबूच नका."

पाहुण्याआधी यजमानानं मागं फिरायचं नसतं. बंडेप्पा बिचारे चपला घालून चार पावलं म्हणून निघाले आणि थेट टाकी ओलांडून गेले. मग कमलबाई निघाल्या, मग ईरण्णा... पंधरा दिवसांत अप्पांच्या मागं तेवीस माणसं चालायला लागली. अप्पांची मान ताठ झाली. "पुढं सरका, पुढं सरका," म्हणत ते सगळ्यांच्या पुढं, सगळ्यात शेवटी कंडक्टर म्हणून रत्नपाल, आणि त्याच्या शेजारी मी. तब्येतीवर लक्ष ठेवायला, दुसरं काय!

"सकाळी काय खाताव घरी?" त्यानं एकदा विचारलं.

"भाकर, जवसाची चटणी, मेथी."

"आणि भजं?"

"ते... बसथांब्यावर."

"मी कुणाला सांगितलो न्हाई."

"कामून?"

"तुमचं एक तरी गुपित माज्याकडं असू द्या की."

त्या दिवशी मी उपकेंद्रात येऊन स्वतःची नाडी मोजली. एकशे आठ! चालल्यामुळं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढं एका थंड सकाळी त्यानं रुमालात बांधून करडईची कोवळी भाजी आणली. "आमच्या रानातली हाय. मीठ बेतानं टाका." पालेभाजी हातात घेऊन लाजणारी मी तालुक्यातली पहिलीच मुलगी असेन.

दर गुरुवारी रत्नपाल अप्पांना उपकेंद्रात घेऊन यायचा. अप्पांचं वजन दर आठवड्याला उतरत होतं आणि माझा जीव खालीवर होत होता. अप्पा बरे झाले, की रत्नपालला इथं यायचं कारणच उरणार नव्हतं. एकदा तर वजनकाटा जरा अडकावा असं मनात आलं... मग माझी मलाच इतकी लाज वाटली, की त्या दिवशी अप्पांचं बीपी मी तीनदा मोजलं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. "झकास. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. आता सहा महिन्यांनी या." मी कार्डावर पुढची तारीख लिहिली. कार्ड घेऊन बापलेक बाहेर गेले, डॉक्टरही पुढच्या गावाला निघाले. मी नुसतीच दाराकडं बघत बसले.

रत्नपाल परत आला. एकटाच.

"डॉक्टर सहा म्हैने म्हणले न्हवं?"

"व्हय."

"हितं पुढचा गुरुवार लिवलाव."

मी कार्ड ओढून घेतलं. माझंच अक्षर होतं.

"चुकलं," मी म्हणाले.

"मग दुरुस्त करून द्या."

मी पेनाचं टोपण काढलं. हात कागदावर गेला आणि तिथंच थांबला.

"कामून थांबलाव?" त्याचा आवाज एकदम हळू झाला होता.

"मला दुरुस्त करायचं न्हाई. अप्पा बरे हायत, त्यांना यायची गरज न्हाई. तुम्ही या. मला... तुम्ही आवडताव."

तो स्टूल ओढून मटकन बसला.

"तीस फुटाच्या खांबावर चढतो मी, कधी भ्यालो न्हाई," तो म्हणाला. "आता ह्या स्टुलाला धरून बसलोय. सिस्टर... मैत्रेयी... तीन म्हैने झाले, हेच बोलायचं म्हणून रोज घोकून यायलोय. आणि तुम्ही मीठ किती खाताव म्हणून विचारताव."

मला हसू फुटलं. त्यालाही. दारात कुणीतरी खाकरलं. अप्पा चौकटीला टेकून किती वेळ उभे होते, देव जाणे.

"रत्न्या, काय ठरलं?"

"अप्पा, ते... तारीख चुकलीय कार्डावर."

अप्पांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, चष्मा वर करून लांब धरून वाचलं आणि खिशात घातलं.

"कुठं चुकलीय? पुढच्या गुरुवारी येतो की आम्ही. ठाणाकुशनूरला, तुमच्या घरी. तुमच्या अप्पाला सांगून ठेवा, बाई."

पेनाचं टोपण अजून माझ्या हातात होतं. मी ते गपचूप लावून टाकलं.