पाचशे ग्रॅम

उर्मिला गेल्यावर तिचे कपडे, चष्मे, चपला सगळं लेकीने, कस्तुरीने आवरलं. पिस्तूल तेवढं राहिलं, कारण ते क्लेमेंटीच्या घरात नव्हतंच. सिंगापुरात असली वस्तू घरी ठेवता येत नाही, ती नेमबाजीच्या क्लबच्या कुलपात राहते. पन्नास वर्षांपूर्वीचं हवेवर चालणारं पिस्तूल. लाकडी मूठ तिने स्वतः कानशीने घासून आपल्या हाताच्या मापाची केलेली.

क्लबचा नियम साधा होता. दोन महिन्यांत तिचा नवरा अवधूत नेमबाजीची परीक्षा पास झाला तर पिस्तूल त्याच्या नावावर, नाहीतर वितळवायला.

अडचण एकच, चाप फार जड. दोन वर्षं ती म्हणत होती, "अहो, तो चाप बघा ना एकदा. बोट दुखतं." तीस वर्षं जुरोंग आयलंडच्या कारखान्यांत पंप दुरुस्त करणारा अवधूत म्हणायचा, "बघू रविवारी."

क्लबचा कारागीर टॅन. त्याने चापाला वजनं टांगून मोजलं. चौदाशे ग्रॅम. नियमाने चापाने न सुटता निदान पाचशे पेलले पाहिजेत, पण चौदाशे म्हणजे अतीच. टॅनने वाळलेलं ग्रीस काढलं, स्प्रिंग बदलली. पाचशे वीस.

"आता तुमची नात पण मारेल, अंकल," टॅन म्हणाला.

अवधूतने पिस्तूल उचललं, शिकवल्याप्रमाणे डावा हात खिशात घातला आणि बोट दाबलं. चाप हलला नाही.

टॅनने हसत त्याच्या हातातल्या पिस्तुलालाच काटा लावला. चौदाशे. मग स्वतः घेतलं. पाचशे वीस.

"काय करताय तुम्ही, अंकल?"

"काही नाही."

तीन आठवडे असंच चाललं. अवधूतने डॉक्टरला बोट दाखवलं. बोट ठणठणीत होतं. मग एका दुपारी घाम पुसायला त्याने डावा हात खिशातून काढला आणि चाप लोण्यासारखा दबला. हात परत खिशात घातला, चाप घट्ट. त्याने खिसा टेबलावर रिकामा केला. किल्ल्या, बसचं कार्ड, एक सुपारी.

सुपारी त्याला आठवली. दरवर्षीचा सत्यनारायण या वर्षीही करायचा, असा कस्तुरीचा हट्ट होता. पूजेत उर्मिला शेजारी बसून उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या उजव्या कोपराला लावायची. त्याशिवाय देवाला पोचत नाही म्हणायची. या वेळी गुरुजींनी तिच्या जागी त्याच्या कमरेला सुपारी लावली. "नंतर आठवणीने विसर्जन करा," असं बजावलंही होतं. त्याने ती खिशात टाकली आणि विसरला.

त्याने सुपारी टेबलावर ठेवून पाहिलं, खिशात घालून पाहिलं. तीनदा. सुपारीला हात लागला की चाप घट्ट, नाहीतर सैल. टॅनला सांगितलं नाही. सांगणार काय?

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो वेस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी गेला. जहाजं रांगेत उभी होती. नमस्कार करायचा की नाही, ते त्याला कळेना. त्याने सुपारी पाण्यात सोडली. ती लगेच बुडाली.

परीक्षेआधी चाप किती वजन पेलतो ते तपासतात. टॅनने पिस्तूल उभं धरलं आणि दुसऱ्या हाताने पाचशेचं वजन उचललं.

टक्.

चाप सुटला होता, आणि वजन अजून टॅनच्या हातातच होतं.

"धक्का लागला असेल," टॅन म्हणाला. दट्ट्या ओढून त्याने पिस्तूल पुन्हा चढवलं.

टक्.

तिसऱ्यांदा त्याने पिस्तूल फडक्यावर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात मागे घेतले. दोघे पाहत राहिले.

टक्.

टॅनने फॉर्मवर फुली मारली. "सॉरी, अंकल. पाचशे नाही, पाच ग्रॅमपण पेलत नाही. सोमवारी वितळवायला जाईल. खरं सांगा, घासलंत का काही?"

"मी हात नाही लावला."

"मग कोणी लावला?"

अवधूतने फॉर्म पुढे ओढला आणि सही करायला वाकला. टॅनने पेन दिलं नाही. तो अवधूतच्या उजव्या बाहीकडे बघत होता.

"बाहेर पाऊस नाही, अंकल," तो हळूच म्हणाला.

कोपरापाशी कापड ओलं होतं. शेजारी शेजारी, दोन बोटांएवढं.