बत्तीस पावलं

खोटं तुम्ही लिहिलंत, साहेब. ‘मृताच्या बिल्ल्यावर किरणांची नोंद शून्य, सबब मृत्यूचा कामाशी संबंध नाही.’ शून्य येणारच! आत जाताना बिल्ले कपाटात काढून ठेवा, नोंद वाढली तर घरी बसाल, असा दम तुमच्याच माणसाने भरला होता. पाइपांचे जोड किरणांनी तपासणारा तो माणूस चौदा वर्षं बिल्ल्याशिवाय किरणांच्या खोलीत राबला.

त्याची मुलगी दहावीच्या पोरांना भौतिकशास्त्राची गणितं शिकवते. बाप गेला तरी बिल्ल्याचा मासिक अहवाल घरी येतच राहिला. त्याचं नाव कमी करायचं तुम्ही विसरलात. पहिल्या महिन्यात आकडा एक. मग चार. मग सोळा.

तिने बापाच्या जोडीदाराला फोन लावला.

“काका, खोली चालू आहे?”

“कसली चालू! तो गेला त्याच आठवड्यात मशीन हलवलं. खोलीला सील ठोकलंय.”

“आणि बाबांचा बिल्ला?”

“कपाटात, आमच्या बिल्ल्यांशेजारी. आमचे सगळे शून्य.”

“खोलीपासून कपाट किती लांब?”

“बत्तीस पावलं. शेवटी शेवटी मोजत यायचा गं. मधे थांबून धापा टाकायचा.”

तिने वहीत मांडलं, पोरांना शिकवते तसंच. दिलेलं. सूत्र. अंतर निम्मं झालं की किरणांचा मारा चौपट. म्हणजे बत्तीस पावलं, मग सोळा, मग आठ. काहीतरी कपाटाकडे येत होतं. आधी महिन्याला सोळा पावलं, नंतर आठ. वेग निम्मा होत होता.

दमलेला माणूस असाच चालतो.

“पुरे कर ती आकडेमोड,” आई करवादली. “त्याने माणूस परत येणारे का?”

“माणूस राहू दे, आई. आपलं शून्य चुकलं, एवढं तरी त्यांनी म्हणावं.”

चौथ्या महिन्यात चौसष्ट. चार पावलं.

पाचवा अहवाल आला नाही. काकांचा फोन आला. कपाटाला कुलूप, पण दाराच्या जाळीतून दिसणारा त्याच्या बिल्ल्याचा हूक रिकामा.

त्या दुपारी आईने खुंटीवरचा जुना शर्ट उन्हात टाकायला काढला.

“अगं, हे यांच्या खिशाला तू लावलंस?”

डाव्या खिशाला बिल्ला. चिमटा नीट बसलेला.

मुलीने तो स्वतः प्रयोगशाळेत नेला. किरणं लागतील तितकी काळवंडणारी आतली फिल्म कोळशासारखी काळी निघाली. फक्त कडेला पांढरी, स्पष्ट, दोन बोटांची हाडं. चिमटा धरतात तिथे.

कपाटाची किल्ली एकच आहे, साहेब, आणि ती तुमच्या खणात असते. बोटं कुणाची? लेखी उत्तर द्या.