प्रभावती आत्यांचा सांधा

गाडीला उशीर होता, म्हणून उत्तरा पूर्णा स्टेशनातल्या बाकावरच लॅपटॉप उघडून बसली. परभणीत तिचा लहानसा स्टुडिओ होता, आणि मानवतच्या एका लग्नाची फिल्म जोडायची राहिली होती. पाठवणीला नवरीनं मागं वळून पाहिलेलं तिला जरा लांबल्यासारखं वाटलं. तिनं ते कापून टाकलं.

"ती नजर कशाला कापायलात?" शेजारून आवाज आला.

तिनं मान वर केली. चौकड्यांचा शर्ट, डोळ्यांत मिश्कील हसू...

"आणते की परत," म्हणत तिनं एक बटण दाबलं. नवरी पुन्हा वळली.

तो थक्क होऊन बघत राहिला. त्याचं नाव मुकुल, पूर्णेतल्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याच्या आत्यानं मुंबईच्या लॅबमध्ये आयुष्यभर सिनेमाची फिल्म हातानं कापली होती; आता ती इथं त्याच्याकडेच राहायची. "बघायला याल?" त्यानं विचारलं. रविवारी उत्तरा गेली — फक्त फिल्म बघायला, असं स्वतःला बजावत.

प्रभावती आत्यांनी पांढरे सुती हातमोजे चढवले आणि खिडकीच्या उजेडात एक पट्टी धरली. नखाएवढ्या चित्रांत एक बाई पदर सावरत होती. दर चित्रात तिचा हात केसभर वर. मूळ फिल्म एकच असायची, आत्या सांगत होत्या, ती शेवटी त्यांच्या टेबलावर यायची.

"आणि चुकून कापलं तर?"

"तर गेलं, पोरी. ती बाई पुन्हा तसाच पदर थोडीच सावरणार? कात्री लावताना मी श्वास धरून ठेवायचे."

मग त्यांनी दोघांना एक रद्दी तुकडा जोडायला दिला. उत्तरानं पट्टीची कड खरवडली, चिकट द्रव लावला; मुकुलनं वरून दाबलं. बोटाला बोट लागलं... कुणीच काढून घेतलं नाही. उजेडात धरलं तर सांधा दिसेना. उत्तराच्या अंगावर काटा आला. लॅपटॉपवर एका सकाळीत ती शेकडो वेळा कापायची, अन् एकदाही तिला श्वास धरावा लागला नव्हता.

त्यानंतर रविवार पूर्णेचेच झाले. आत्या सांगायच्या, दोघं ऐकायचे, आणि मधेच एकमेकांकडे बघायचे. मग तिला हैदराबादच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. मुकुलनं तिचं मनापासून अभिनंदन केलं. तिनं फोनवर त्याला कितीदा लिहिलं, न पाठवताच कितीदा पुसलं.

निघायच्या दिवशी तो स्टेशनात पोचवायला आला. गाडी लांबून दिसली. उत्तरानं श्वास धरला.

"मी जाणार आहे, मुकुल. पण मला तुम्ही हवे आहात. हे बोलल्यावर मागं घेता येणार नाही, ठाऊक आहे मला."

तो पुढं झाला. मग तिची बॅग उचलून घेत हळूच म्हणाला,

"आत्याला मी सांगू... का तू सांगतेस?"

आजवर त्यानं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.