यादीतली एक्केचाळिसावी सर्व्हिस

संगणक चालू केला की न सांगता कामाला लागणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिसेस, तिच्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तब्बल एक्केचाळीस होत्या. छपाईची, घड्याळ जुळवणारी, कोणालाच न लागणारी फॅक्सचीसुद्धा. शाळा-दवाखान्यांतली जुनी यंत्रं त्या ओझ्याने धापा टाकत. नव्या आवृत्तीत आपोआप कुठल्या बसवायच्या हे ठरवायचं काम तिच्याकडे आलं, आणि तिने एकेकीचा निकाल लावायला घेतला. ऑफिसात तिला कात्रीबाई म्हणत ते उगाच नाही.

यादीत सगळ्यात शेवटी होती ‘हजेरी’. कोणी लिहिली, कशासाठी, कुठेच नोंद नव्हती. तिने ती काढून टाकली, कोऱ्या यंत्रावर नवं इन्स्टॉलेशन केलं. हजेरी होतीच.

दर मिनिटाला ती फक्त एक आकडा लिहायची. सकाळी १. शेजारचा टेस्टर येऊन बसला, २. सफाईवाल्या मावशी आल्या, ३. यंत्राला ना कॅमेरा, ना माइक. तिने नेटवर्कची वायरही उपटली. मावशी बादली घेऊन बाहेर गेल्या. २.

“खोलीतली माणसं मोजतंय हे,” टेस्टर म्हणाला आणि त्याने खुर्ची जरा मागे ओढली.

“कशाने मोजणार?”

“ते मला नको विचारूस.”

गुरुवारी दुपारी तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये धूर झाला. आग विझवणारा वायू आपोआप सुटला, दार बंद झालं. सगळे आवारात जमले. पहारेकऱ्याने यादी धरून माणसं मोजली.

“सगळे बाहेर आहेत. वायू ओसरेपर्यंत दार उघडायचं नाही.”

तिने लॅपटॉप उघडला. सर्व्हर रूममधल्या यंत्राची हजेरी त्यावर दिसत होती.

१.

“दार उघडा.”

“मॅडम, यादी पूर्ण आहे.”

“तुमची यादी चुकलीय. उघडा म्हणते ना!”

मास्क लावलेले दोघे आत शिरले. रॅकच्या मागे वायरमन पडला होता. रजिस्टरात सही न करताच खाली उतरला होता बिचारा. बाहेर आणल्यावर तो खोकला, डोळे उघडले, आणि अख्खं आवार टाळ्यांनी दणाणलं. टेस्टर तिचा हात गदागदा हलवत राहिला. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

शुक्रवारी बैठक झाली. “जिचा आगापिछा माहीत नाही ती सर्व्हिस सगळ्यांच्या माथी मारायची?” साहेबांनी विचारलं.

“एकतीस काढल्या मी, साहेब. ही एक राहू द्या.”

हात वर झाले. पहिला साहेबांचाच.

नवी आवृत्ती दहा सर्व्हिसेसची निघाली. मरगळलेली यंत्रं अकरा सेकंदांत चालू होऊ लागली. कौतुकाच्या मेलचा नुसता पाऊस पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती ऑफिसात शीळ घालत फिरली.

त्यातच एका लहान शाळेच्या मुख्याध्यापकांचा मेल होता. ‘यंत्र झकास चालतं. फक्त हजेरी एकाने कमी दाखवते. वर्गात बावीस जण, आकडा एकवीस.’

तिने लगेच कळवलं, ‘एकेकाला आत सोडून पाहा. कोण आल्यावर आकडा हलत नाही?’

तासाभराने उत्तर आलं.

‘पाहिलं. आमच्या नव्या बाई. पण फार छान शिकवतात हो. मुलं तर त्यांना सोडून घरी जायलाच तयार नसतात.’