चारशे ट्रॅक्टर आणि एक फळी

माझी मोटार चिखलात रुतली तेव्हा आजूबाजूला चारशे ट्रॅक्टर उभे होते, आणि तरीही ती वीस मिनिटं तिथेच होती.

कारण ती कुणी ओढायची यावर एकमत होईना. हिरव्या कंपनीच्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटत होतं, हे काम हिरव्याचं. लालवाले नुसते हसत होते. मिझुरीहून आलेले एक आजोबा आपला १९२६ सालचा, लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर सुरू करायला गेले होते, तो काही सुरू होत नव्हता. पाऊस बारीक पडत होता. मी काच खाली करून गप्प बसले होते. मनात एवढंच होतं, की भांडू देत बापडे... तेवढा वेळ मला कुणी काही विचारणार नाही.

मी ब्रिटा हाउगेन. जुनी इंजिनं आणि ट्रॅक्टर जपणाऱ्यांचा जो राष्ट्रीय क्लब आहे, त्याची सचिव. एकशे बारा शाखा, एक द्वैमासिक, प्रत्येक मेळाव्याच्या विम्याची कागदपत्रं, आणि दिवसभर वाजणारा फोन. एका वर्षासाठी म्हणून हे घेतलं होतं. अकरा वर्षं झाली होती. डेव्हनपोर्टच्या एका भल्या माणसाशी माझं लग्न ठरलं होतं. तो एकदा जेवताना म्हणाला, "ब्रिटा, एक तर हा फोन निवड, नाहीतर मला." फोनवर केंटकी शाखेचे अध्यक्ष होते. मी म्हटलं, एक मिनिट. ते मिनिट फार लांबलं.

या वर्षीच्या मेळाव्यात राजीनामा द्यायचा, हे मी ठरवूनच आले होते.

"मॅडम, ब्रेकवरचा पाय काढा."

खिडकीशी एक उंच माणूस उभा होता. हातात एक फळी. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं, आणि तो अगदी गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होता.

"ती फळी कुठली?"

"एका दुकानाची पायरी होती. परत ठेवतो. हं... आता हळूच."

त्यानं फळी मागच्या चाकाखाली सरकवली आणि मोटारीला खांदा लावला. मोटार उसळली, सुटली, आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्याच्या अंगावर गेला. मी धावत मागे आले. त्याचे नुसते डोळे दिसत होते. करडे, आणि हसणारे.

"तुमचा ट्रॅक्टर कुठला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"माझ्याकडे ट्रॅक्टर नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"कालपासून मीही स्वतःला तेच विचारतोय," तो म्हणाला.

मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

त्याचं नाव एमिल व्होटावा. नेब्रास्कातला. पियानोचे सूर लावणं हा त्याचा धंदा. इंजिनाचा नाद त्याच्या वडिलांना होता. ते मार्चमध्ये गेले, आणि आई म्हणाली, ते गोठ्यातलं धूड मेळाव्यात ने आणि कुणाला तरी देऊन ये. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण सुरक्षेची तपासणी करत मी त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा ते धूड चालू होतं. एका सिलिंडरचं जुनं इंजिन. एक ठोका, मग चार-पाच उसासे, मग पुन्हा ठोका. पट्ट्यानं ते एक लाकडी पिंप फिरवत होतं, आणि पिंपात आइस्क्रीम होत होतं.

"बंद करा," मी म्हटलं.

"सुप्रभात, सचिवबाई."

"पट्ट्यावर जाळी नाही. पोराबाळांचा हात जाईल. जाळीशिवाय इंजिन चालवता येणार नाही."

"काल मी तुमची मोटार काढली."

"म्हणून प्रेमानं सांगतेय. बाकीच्यांना ओरडून सांगते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी वहीत डोकं घातलं. 'प्रेमानं' हा शब्द कुठून आला होता, देव जाणे.

"प्रेमानं सांगितलं तर..." त्यानं इंजिन बंद केलं, "दुपारपर्यंत लावतो जाळी."

दुपारी जाळी लागली होती. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, पण चोख बसवलेली, कडा आत वळवलेल्या. मी हात फिरवून पाहिला, कुठे टोचलं नाही.

"पास?"

"पास."

"मग तुमच्या हातानंच पहिला चमचा." त्यानं वाडगा पुढे केला. "उभ्यानं नाही. बसून."

"मला अजून साठ इंजिनं तपासायचीत."

"ती शंभर वर्षं थांबलीत, सचिवबाई. आणखी दहा मिनिटं थांबतील."

बसले. घडीच्या खुर्चीत, त्याच्या ताडपत्रीखाली. व्हॅनिला, थंडगार, थोडं खरबरीत. वर पावसाची टपटप, शेजारी इंजिनाचा ठोका, उसासे, ठोका... तिसरा चमचा मला आठवतो. चौथा नाही.

जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं. अंगावर कुणाचं तरी जाकीट होतं. दोन तास! मी ताडकन उठले. "माझा फोन!"

"इथे आहे." एमिलच्या हातात माझा फोन होता आणि माझी वही. "चौदा फोन आले."

"तुम्ही उचललेत?"

"सतत वाजत होता. तुम्ही जाग्या झाल्या असतात."

"काय सांगितलंत लोकांना?"

"सचिवबाई झोपल्यात, म्हणून सांगितलं."

"असं सांगितलंत? सरळ?"

"हो. पहिला माणूस म्हणाला, असं का... मग झोपू द्या. चौदातले नऊ जण तेच म्हणाले."

"आणि पाच?"

"चौघांची कामं लिहून ठेवलीत, बघा. पाचवा ओहायोचा. त्याच्या आणि शेजारच्या शाखेच्या मेळाव्याची तारीख एकच आली, म्हणून तापला होता. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात का? म्हणाला, नाही, आम्ही ब्रिटाशी बोलतो." त्यानं खांदे उडवले. "मग त्याला दुसऱ्याचा नंबर दिला."

मी वहीत बघत राहिले. त्याचं अक्षर बारीक होतं, सरळ. अकरा वर्षांत मला कधी सुचलंच नव्हतं... की माणूस झोपलाय, असं सांगता येतं. अक्षरं पुसट दिसायला लागली. त्यानं ते पाहिलं असावं, कारण तो मान फिरवून इंजिनात तेल घालायला लागला. इंजिनात तेल भरपूर होतं.

शनिवारी मी तीनदा त्याच्या ताडपत्रीसमोरून गेले. माझा रस्ता तिकडून नव्हता.

"पुन्हा तपासणी?"

"जाळी सैल झाली असेल."

"झालीय ना... अगदी सैल. दहा मिनिटं बसून बघावी लागेल."

बसायचे. तो आईनं केलेले खसखशीचे कोलाचे, छोटे गोड पाव, द्यायचा आणि पियानोंबद्दल बोलायचा. म्हणायचा, सूर उतरला तरी पियानो तक्रार करत नाही, वाजतच राहतो. मग एक दिवस घरातल्या कुणाला तरी कळतं, की गेली कित्येक वर्षं हा बरोबर वाजलेलाच नाही. तो हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्या हातांकडे बघत होते.

रविवारी सकाळी जेवणाच्या शेडमध्ये वार्षिक सभा. पॅनकेकचा वास, दोनशे टोप्या. अध्यक्ष ओरविल पेंडरग्रास, वय एकोणऐंशी, इंजिनाच्या आवाजानं एक कान गेलेला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी राजीनामा देतेय."

"काय देतेयस?" ओरविलनं दुसरा कान पुढे केला.

"राजीनामा!"

शेडमध्ये चमचे थांबले. पद कोण घेतंय, मीच विचारलं. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघायला लागला. ओरविलनं चष्मा काढला. तो माझ्या वडिलांचा मित्र, रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तू गेलीस तर विमा कोण बघणार? आणि विम्याशिवाय मेळावे कसले? आमचं काय, आम्ही आज आहोत, उद्या नाही... पण हे असं संपेल, वाटलं नव्हतं."

दोनशे टोप्या माझ्याकडे वळल्या. तीच जुनी माया, तेच जुनं ओझं. बरं, आणखी एक वर्ष... शब्द ओठांवर आला होता.

"मी करतो."

मागच्या बाकावर एक हात वर होता.

"तू कोण?" ओरविलनं विचारलं.

"एमिल व्होटावा. गुरुवारपासून सभासद."

हशा पिकला, मग टाळ्या. पाच मिनिटांत ठराव झाला. मी त्याला शेडच्या मागे गाठलं.

"तुम्हाला वेड लागलंय? काय मागून घेतलंत, कळतंय का? तुम्हाला तर ट्रॅक्टर आवडतही नाहीत!"

"आवडायला लागलेत... थोडे."

"का केलंत?"

"कारण तुम्ही 'बरं' म्हणणार होतात. तोंड उघडलं होतंत." तो चिखलातल्या बुटांकडे बघत होता. "मला ते ऐकवलं नसतं."

मी हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि सोडायला जरा उशीर केला. मीही घाई केली नाही. मग तो नेब्रास्काला गेला, मी घरी डेकोराला. त्याचं इंजिनही तो परत घेऊन गेला, कुणाला न देता.

क्लबची एकोणीस खोकी मी त्याच्याकडे पाठवली आणि झोपले. आठवडाभर झोपले. उठले तेव्हा घर इतकं शांत होतं, की फ्रीजचा आवाज ऐकू येत होता. हेच तर हवं होतं मला. मग असं चुकल्यासारखं का वाटत होतं?

नवव्या दिवशी फोन.

"सचिवबाई, शाखांची यादी कुठल्या खोक्यात?"

"सचिव तुम्ही आहात. चौथ्या."

दुसऱ्या दिवशी विम्याचे अर्ज. तिसऱ्या दिवशी द्वैमासिकाचे जुने अंक. मग रोज संध्याकाळी. प्रश्न एक मिनिटाचा, बोलणं तासाभराचं. त्याच्या आईचा गुडघा, माझं सफरचंदाचं झाड, मेथडिस्ट चर्चमधला हट्टी पियानो. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी आधी केलं ते आठवत नाही. पाच वाजले की मी केस सारखे करायचे. फोनवर कोण बघतंय केस?

ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "ब्रिटा, शिक्का कुठे असतो?"

"एमिल, खोक्यांवर काय आहे ते मी स्वतः लिहिलंय. मोठ्या अक्षरात. एकोणीसच्या एकोणीस खोक्यांवर."

तो अगदी हळू म्हणाला, "हो. वाचलंय."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग रोज..."

"प्रश्न संपत आलेत माझे," तो म्हणाला. "उद्यासाठी एकही उरलेला नाही. दुपारपासून तीच काळजी लागलीय."

"उद्या फोन करू नकोस," मी म्हटलं.

"...बरं."

"मी गाडीत असेन. सात तासांचा रस्ता आहे."

दुपारी तीनला पोचले. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका, वाळून पिवळा पडलेला. तो फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी करताना कापलेली हनुवटी. मी उतरले. आम्ही दोघं चार पावलांवर थांबलो.

"मी क्लबच्या कामाला आलेली नाही," शेवटी मीच म्हटलं.

"माहीत आहे."

"हे तू तिथेच का नाही सांगितलंस? शेडच्या मागे? सहा आठवडे, एमिल! खोकी, याद्या, शिक्के..."

"तू इतकी दमली होतीस, ब्रिटा." तो फाटकाची कडी चाळवत होता. "जो तो तुझ्याकडे काहीतरी मागत होता. मीही मागायचं... मला लाज वाटली."

वाऱ्यानं मका सळसळला. अकरा वर्षांचा थकवा तेव्हाही कुठे गेला नव्हता. तो होताच, खांद्यांत, पाठीत. पण त्या थकव्यासकट मी ती चार पावलं चालले आणि त्याच्या शर्टाच्या बटणाला हात लावला.

"आता झोप झालीय माझी," मी म्हटलं. "आता माग."

त्यानं मागितलं. फारसे शब्द नव्हते, आणि त्यांतले निम्मे त्याला नीट बोलता आले नाहीत. पण मला सगळे कळले, आणि मी अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच, ओझं न वाटता, हो म्हणाले.